ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्याने आख्ख्या जगाला इलेक्ट्रिक गिटार वाजवायला लावली

गिटार वाजवणारा एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेल, तर त्याचा एक आजार तुम्हाला माहीत असेल. पोरगं आधी पै पै साठवून एक इलेक्ट्रिक गिटार घेतं. सहा महिन्यांनी त्याला वाटायला लागतं की आवाज जरा पातळ येतोय. मग तारा बदलल्या जातात, पेडल येतात, अँप बदलतो. शेवटी गिटारच विकली जाते आणि दुसरी घरात येते. वर्षभराने तिसरी. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. डोक्यात जो टोन आहे तो अजून सापडलेला नाही.

हा आजार जगभरातल्या गिटारवाल्यांना आहे. पण ज्या माणसाने या आजारावर सगळ्यात जास्त औषधं बनवली, त्याला स्वतःलाही हाच आजार होता. तो एक गिटार बनवायचा, ती मागे टाकायचा आणि दुसरी बनवायला घ्यायचा. असं त्याने जवळपास पंचेचाळीस वर्षं केलं.

आणि या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती.

त्याचं नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणतं. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर या गिटारी त्याच्या. जिमी हेंड्रिक्स, एरिक क्लॅप्टन, डेव्हिड गिलमोर, मार्क नॉफलर ही सगळी मंडळी ज्या गिटारीवर मोठी झाली, ती याच माणसाच्या डोक्यातून निघालेली.

संत्र्याची बाग आणि काचेचा डोळा

संत्री म्हटलं की आपल्याला नागपूर आठवतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातला एक जिल्हाच संत्र्यांच्या नावाने ओळखला जातो, ऑरेंज काउंटी. तिथे ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मध्ये फेंडर कुटुंबाची संत्र्याची बाग होती. १० ऑगस्ट १९०९ ला लिओचा जन्म तिथलाच.

आठ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं नाही, ते याच डोळ्यामुळे.

लिओला नाद लागला तो रेडिओचा. त्याचे एक काका गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान चालवायचे. तिथे त्यांनी सुट्या भागांपासून बनवलेला रेडिओ पोराने ऐकला आणि तो त्या आवाजाने खुळावलाच. शाळेत असतानाच तो घरी रेडिओ दुरुस्त करायला लागला.

पण शिक्षण घेतलं ते अकाउंट्सचं. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने कधी केला नाही. कॉलेज संपल्यावर त्याने हिशेबनीस म्हणून नोकऱ्या केल्या. मग जागतिक मंदी आली आणि नोकरी गेली. शेवटी १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन लिओने फुलर्टनमध्ये दुकान टाकलं. नाव ठेवलं, फेंडर रेडिओ सर्व्हिस.

लहानपणी लिओ थोडा पियानो आणि थोडा सॅक्सोफोन शिकला होता. गिटारच्या वाट्याला मात्र तो गेला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मांडवातला माईक आणि पोकळ गिटार

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गावचे वादक यायला लागले. कुणाचा अँप बिघडलेला असायचा, कुणाला कार्यक्रमासाठी स्पीकर भाड्याने हवा असायचा. लिओ सगळं करून द्यायचा. आणि हे लोक काय तक्रारी करतात, ते कान देऊन ऐकायचा.

तक्रार एकच होती. नाचाच्या हॉलमध्ये गर्दी वाढली की गिटारचा आवाज कुणाला ऐकू जात नाही. इलेक्ट्रिक गिटार तेव्हाही होती, पण ती साध्या गिटारसारखीच पोकळ पेटीची. तिच्यावर पिकअप बसवलेला असायचा. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. वर गिटारची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. ती वीज अँप मोठी करतो आणि स्पीकरमधून आवाज येतो.

गडबड इथेच व्हायची. गणपतीच्या मांडवात कुणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कान फाडणारी कुंssई अशी शिट्टी वाजते ना, तसंच. आवाज वाढवला की स्पीकरच्या दणक्याने गिटारची पोकळ पेटी थरथरायची, ती थरथर पुन्हा पिकअपमध्ये जायची, पुन्हा स्पीकरमधून बाहेर यायची. याला फीडबॅक म्हणतात.

१९४५ मध्ये लिओने डॉक कॉफमन या वादक मित्राबरोबर के अँड एफ नावाची कंपनी काढली. ते हवाईयन गिटार बनवायचे, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा तुकडा सरकवत वाजवायची ती गिटार. जुन्या हिंदी गाण्यांच्या धून हवाईयन गिटारवर वाजवलेल्या रेकॉर्ड्स आपल्याकडेही खूप चालल्या, त्यामुळे तो लांबलचक घसरत जाणारा सूर कानावरून गेला असेलच. कॉफमनला कर्जाची भीती वाटायला लागली आणि तो १९४६ मध्ये बाहेर पडला. लिओने एकट्याने फेंडर कंपनी सुरू केली.

हवाईयन गिटार भरीव लाकडाची बनायची आणि तिच्यात फीडबॅकची कटकट फार कमी होती. मग गळ्यात अडकवून वाजवायची गिटार तशी का नको? हा विचार करणारा लिओ एकटा नव्हता. लेस पॉल, पॉल बिग्सबी अशी माणसं भरीव गिटारीचे प्रयोग करत होती. पण त्यांनी एकेक गिटार घडवली. लिओला कारखान्यात बनेल आणि साध्या वादकाला परवडेल अशी गिटार हवी होती.

चार स्क्रूंची गिटार

१९५० मध्ये ती आली. तिचं नाव ब्रॉडकास्टर.

बघणाऱ्यांना हसू आलं. भरीव लाकडाची फळी, तिच्यावर दोन पिकअप, आणि गिटारची मान चक्क चार स्क्रूंनी आवळलेली. तोवर मान पेटीला सरसाने कायमची चिकटवायची पद्धत होती. ती मोडली की कारागिराकडे महिनाभर फेऱ्या. लिओ मुळात दुरुस्तीवाला माणूस. त्याने विचार केला की रेडिओचा व्हॉल्व्ह गेला की आपण तो बदलतो, मग गिटारची मान का बदलता येऊ नये?

नावावरून मात्र लगेच भांडण झालं. ग्रेच नावाची कंपनी जवळपास याच नावाचे ड्रम विकत होती, त्यांनी हरकत घेतली. लिओच्या लोकांनी स्टिकरवरून ब्रॉडकास्टर हा शब्द कापून टाकला आणि नुसतं फेंडर लिहून गिटारी विकल्या. या बिननावाच्या गिटारींवर आज संग्राहक अक्षरशः तुटून पडतात. १९५१ मध्ये नवीन नाव आलं, टेलिकास्टर. टीव्ही नवा नवा होता, त्याचा मान राखून.

त्याच वर्षी लिओने इलेक्ट्रिक बास आणली. तोवर बास म्हणजे माणसाएवढं उभं वाद्य, जे गाडीच्या टपावर बांधून न्यावं लागायचं आणि स्टेजवर ऐकू यायचं नाही. लिओने ते गिटारसारखं गळ्यात अडकवलं आणि पट्टीवर सुरांच्या खुणा देणारे पडदे बसवले. त्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून नाव प्रिसिजन बास. आजच्या कुठल्याही बँडमधला बास वाजवणारा या शोधाच्या जिवावर उभा आहे.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता.

स्क्रूड्रायव्हर घेऊन स्टेजवर

लिओची कामाची पद्धत विचित्र होती. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे तो नवीन गिटार किंवा अँप वादकाच्या हातात द्यायचा आणि रात्री कार्यक्रमाला जाऊन बसायचा. बाकी लोक नाचायचे, हा आवाज ऐकत राहायचा. काही खटकलं तर चालू कार्यक्रमात स्टेजवर चढून अँपशी खुडबूड करायलाही तो कमी करायचा नाही.

टेलिकास्टरवर तक्रारी आल्या. बिल कार्सन या वादकाचं म्हणणं होतं की फळीच्या कडा बरगड्यांना टोचतात. मग लिओ, हवाईहून आलेला वादक फ्रेडी टव्हारेस आणि फुलर्टन गावातच राहणारा, योगायोगाने फुलर्टन हेच आडनाव असलेला जॉर्ज फुलर्टन असे सगळे नव्या गिटारच्या मागे लागले. कडा गोल झाल्या, पाठीमागे पोटाला जागा दिली. दोनाचे तीन पिकअप झाले. आतून स्प्रिंगा लावून एक दांडी बसवली, जी दाबली की सूर लवतो.

१९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली. किंमत दांडीसकट २४९ डॉलर ५० सेंट. १९५७ मध्ये बडी हॉली ती घेऊन टीव्हीवर दिसला आणि अमेरिकेतल्या पोरांना स्वप्न पडायला लागलं.

लिओला वाटलं होतं की नवी गिटार आली की जुनी आपोआप मागे पडेल. त्याच्या हिशेबाने गिटार म्हणजे रेडिओसारखीच होती. नवं मॉडेल चांगलं, म्हणून जुनं बाद. पण लोक टेलिकास्टर सोडेनात. १९५८ मध्ये त्याने जॅझमास्टर आणली, स्ट्रॅटोकास्टरपेक्षा वरची आणि महाग. ती जॅझवाल्यांसाठी होती. जॅझवाल्यांनी ढुंकून पाहिलं नाही, आणि समुद्रकिनाऱ्यावर सर्फिंग करणाऱ्या पोरांच्या बँडनी ती डोक्यावर घेतली.

असं का व्हायचं? कारण लिओच्या कानात एक ठराविक आवाज होता. त्याला कंट्री संगीत आणि हवाईयन गिटार आवडायची. काचेसारखा स्वच्छ, टणक, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा सूर म्हणजे त्याचा टोन. आवाज फाटला की त्याच्या लेखी यंत्रात दोष होता.

वादक मात्र त्या दोषातच स्वतःचा सूर शोधायचे. स्ट्रॅटोकास्टरचंच बघा. तीन पिकअप आणि एका वेळी एकच चालू करणारं तीन घरांचं बटण. वादकांच्या लक्षात आलं की बटण दोन घरांच्या मधोमध अडकवलं तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि एक पोकळ, गोड आवाज येतो. तो आवाज लिओने ठरवून दिलेला नव्हता. पुढे १९७७ मध्ये कंपनीने पाच घरांचं बटण बसवलं, तोवर लिओला कंपनी सोडून बरीच वर्षं झाली होती.

डिक डेलचा किस्सा तर आणखी भारी. बाल्बोआच्या हॉलमध्ये सर्फ संगीत वाजवणारा हा डावखुरा गडी एवढ्या जोरात वाजवायचा की लिओने दिलेले अँप आणि स्पीकर एकामागून एक जळायचे. एवढा आवाज लागतो कशाला, हे लिओला कळेना. असं सांगतात की शेवटी तो आणि टव्हारेस त्या हॉलमध्ये गेले, हजारोंच्या गर्दीत मधोमध उभे राहिले, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं. माणसांची अंगंच आवाज पिऊन टाकत होती. मग १५ इंची स्पीकरचा दणकट शोमॅन अँप तयार झाला.

मरणाच्या भीतीने विकलेलं नाव

पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून लिओच्या मागे सायनसचा जंतुसंसर्ग लागला होता. काही केल्या तो बरा होईना. वर्षं गेली, कंपनी वाढत गेली आणि मालक खचत गेला. आपण आता फार जगत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

विक्रीचं काम बघणाऱ्या डॉन रँडलला त्याने कंपनी १५ लाख डॉलरला घेतोस का असं विचारलं होतं, असं सांगितलं जातं. रँडलने बाहेर गिऱ्हाईक शोधलं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला. काही महिन्यांपूर्वीच सीबीएसने न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा ८० टक्के हिस्सा घेतला होता, त्याला १ कोटी १२ लाख लागले होते. म्हणजे रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातून निघालेला धंदा देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या संघाच्या पंगतीत जाऊन बसला.

लिओकडे पैसा आला, पण करारात दहा वर्षं त्याच धंद्यात स्पर्धा न करण्याची अट होती. आणि गिटारच्या डोक्यावरचं त्याचं स्वतःचं आडनाव आता दुसऱ्याच्या मालकीचं झालं.

आणि मग काही वर्षांत डॉक्टर बदलला, अँटिबायोटिक्सचा मोठा डोस दिला गेला आणि आजार बरा झाला!

ज्या भीतीपोटी सगळं विकलं, ती भीतीच निघून गेली. लिओ पन्नाशी ओलांडलेला, ठणठणीत, श्रीमंत आणि बेचैन.

इकडे सीबीएसच्या कारखान्यात उत्पादन वाढलं आणि दर्जावर तक्रारी सुरू झाल्या. वादक १९६५ च्या आधीच्या गिटारी शोधायला लागले. इकडे ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या स्टेजवर जिमी हेंड्रिक्सने पांढरी स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. त्याने फीडबॅकची शिट्टी वाजवली, आवाज फाडला, स्प्रिंगची दांडी दाबून सूर पार खाली नेले. लिओने आयुष्यभर जे दोष काढायची खटपट केली, ते सगळे एका गाण्यात होते. आणि जगाने त्यालाच स्ट्रॅटोकास्टरचा आवाज मानलं.

पुन्हा पहिल्यापासून

कराराची दहा वर्षं संपत आली तेव्हा जुन्या सहकाऱ्यांनी म्युझिक मॅन नावाची कंपनी सुरू केलेली होती. आधी पडद्यामागे असलेला लिओ १९७५ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. तिथून १९७६ मध्ये स्टिंगरे बास आली. बॅटरीवर चालणारं सर्किट बासच्या पोटातच, त्यामुळे वादकाला सूर जागेवरच खुलवता येतो. तीही गाजली. पण भागीदारांशी बिनसलं आणि लिओ तिथूनही बाहेर पडला.

१९७९ मध्ये त्याची बायको एस्थर कॅन्सरने गेली. पंचेचाळीस वर्षांचा संसार होता. पुढच्या वर्षी त्याने फिलिसशी लग्न केलं, आणि त्याच सुमारास तिसरी कंपनी उभी राहिली. सोबतीला जुना साथीदार जॉर्ज फुलर्टन आणि विक्रीसाठी डेल हायट. जॉर्ज आणि लिओ, म्हणून जी अँड एल. कारखान्याचा पत्ता फेंडर ॲव्हेन्यू, फुलर्टन. रस्त्याला त्याचं नाव होतं, पण कंपनीला ते देता येत नव्हतं.

सत्तरीतला हा माणूस पुन्हा पिकअपचे वेढे मोजायला बसला. या वेळी त्याने चुंबकच बदलले. सिरॅमिकचा चुंबक घेतला आणि प्रत्येक तारेखालचा खांब स्क्रूने वर-खाली करता येईल असा बनवला, म्हणजे सहाही तारांचा आवाज हवा तसा जुळवता येईल. सूर लववणाऱ्या दांडीचा सांगाडाही नव्याने केला. आतापर्यंत बनवलेल्या वाद्यांमध्ये जी अँड एलचीच सगळ्यात चांगली, असं त्याचं ठाम मत होतं.

आणि त्याच्या हिशेबाने ते बरोबरही असेल. पण दुकानात आलेलं पोरगं विचारायचं ते स्ट्रॅटोकास्टर आहे का म्हणून. लिओची सगळ्यात मोठी स्पर्धा तरुणपणीच्या लिओशी होती, आणि त्या स्पर्धकाच्या गिटारवर फेंडर लिहिलेलं होतं.

१९८५ मध्ये तर कळसच झाला. जी अँड एलने एक गिटार आणली आणि लिओच्या पहिल्या गिटारचं नाव तिला दिलं, ब्रॉडकास्टर. यावर हरकत घेतली फेंडर कंपनीने. पस्तीस वर्षांपूर्वी याच नावावरून ड्रमवाल्यांनी अडवलं होतं, आता स्वतःच्याच आडनावाच्या कंपनीने अडवलं. लिओने नाव पुन्हा बदललं. ती गिटार आज असॅट म्हणून ओळखली जाते.

त्याच वर्षी सीबीएसने फेंडर कंपनी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला विकली, १ कोटी २५ लाख डॉलरला. वीस वर्षांपूर्वी घेतली होती त्यापेक्षाही कमी किमतीत.

शेवटचा दिवस कामाचाच

पुढे लिओला पार्किन्सनने गाठलं. हात थरथरायला लागले. पिकअपची तार माणसाच्या केसापेक्षा बारीक असते, आणि तिच्याशी आयुष्य काढलेल्या माणसाला हा आजार व्हावा. तरी तो रोज कारखान्यात जायचा. आपल्या लॅबमध्ये बसून नवीन पिकअप, नवीन ब्रिज, नवीन मान असं काही ना काही चालूच असायचं.

२१ मार्च १९९१ ला लिओ फेंडर गेला. वय ८१. आदल्या दिवशीही तो कामावर आला होता.

पुढच्या वर्षी त्याला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मानाचं स्थान मिळालं. सन्मान जाहीर करायला उभा होता रोलिंग स्टोन्सचा कीथ रिचर्ड्स, जो आयुष्यभर टेलिकास्टर गळ्यात घालून फिरला. म्हणजे तीच फळी, चार स्क्रूंची, जी नवं मॉडेल आलं की बाद होईल असं तिच्या बापाला वाटलं होतं.

जी अँड एलच्या लोकांनी लिओची लॅब त्याच्या पश्चात तशीच ठेवली. टेबलावर त्याची अवजारं होती आणि हातातलं काम अर्धवट होतं. पुढच्या गिटारचं.